मुलाचं जनावर जातं, त्याच्या दुसऱ्या दिवशी : प्राथमिक शिक्षकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांचे शिक्षक, शिक्षिका आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जनावरांची डॉक्टर आहे. बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली, आता तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवते. सकाळी गोठ्यांवरच्या फेऱ्या, संध्याकाळी टेबलावर कुत्री-मांजरं, मधूनच एखादा ससा नाहीतर पिंजऱ्यातली लव्हबर्डची जोडी. आलेलं प्रत्येक जनावर वाचत नाही. आणि जनावराबरोबर पुष्कळदा एक मूल आलेलं असतं. आईच्या मागे उभं राहून ते सगळं बघत असतं. जनावर गेलं की घरची माणसं मला डोळ्यांनी खुणावतात, त्याच्यासमोर काही बोलू नका म्हणून. मग घरी जाताना गाडीवर त्याला काहीतरी सांगितलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल दप्तर घेऊन तुमच्या वर्गात येऊन बसतं.

म्हणून हे पत्र पालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. पालक त्या दिवशी स्वतःच हबकलेले असतात. दुभती म्हैस गेली असेल तर डोळ्यांसमोर कर्जाचा हप्ता असतो, पोराशी काय बोलायचं हे सुचायला त्यांना उसंत नसते. तुमच्या हाताखालून मात्र दरवर्षी वर्गभर मुलं जातात, आणि त्यांतल्या कितीतरी मुलांनी जवळून पाहिलेलं पहिलं मरण माणसाचं नसतं. ते कोंबडीच्या पिल्लाचं, मांजराचं, बोकडाचं, दारातल्या कुत्र्याचं असतं. त्या वेळी मोठी माणसं खरं बोलली की नाही, हे मूल विसरत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. त्या मुलाला खरं कळू द्या, आणि ‘माझ्यामुळे झालं का?’ हा प्रश्न त्याच्या मनात तसाच कुजू देऊ नका.

खरं सांगायचं टाळताना आपल्याकडे काय काय सांगितलं जातं, हे तुम्हीही ऐकलं असेल. पळून गेला. मामाच्या शेतावर सोडला. मोठ्या दवाखान्यात ठेवलाय. एकदा दुसरीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर एकटाच माझ्या दवाखान्यात आला. गणवेशाच्या खिशात बिस्किटाचा पुडा होता, अर्धा खाल्लेला, अर्धा राखून ठेवलेला. त्याचा कुत्रा दहा-बारा दिवसांपूर्वी माझ्याच टेबलावर गेला होता. तो मला म्हणाला, “मॅडम, मोठा दवाखाना कुठल्या एसटीनं जायचा?” घरच्यांनी प्रेमापोटीच सांगितलं होतं, यात शंका नाही. पण इतके दिवस ते पोर मनातल्या मनात रस्ता शोधत होतं. ‘पळून गेला’ हे तर त्याहून वाईट. ज्याला मी रोज भाकरी घातली तो मला टाकून गेला, असा त्याचा अर्थ मूल लावतं, आणि दाराबाहेर पाण्याचं भांडं भरून ठेवत राहतं.

‘देवाघरी गेला’ याला माझा विरोध नाही. ज्या घरात जी श्रद्धा आहे ती मुलाला आधार देतेच. फक्त आधी शरीराचं सांगावं, मग श्रद्धेचं. नुसतं देवाघरचं सांगितलं तर लहान मूल विचारतं, मग आपण रविवारी तिकडे जाऊ या का? शरीराचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. “मोती मेला. त्याचं हृदय थांबलं. आता तो श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. तो परत येणार नाही.” परिसर अभ्यासात सजीवांची लक्षणं तुम्ही शिकवताच. श्वास, अन्न, हालचाल, वाढ. तोच धडा इथे उलट्या बाजूनं सांगायचा आहे, आणि तो सांगण्याची हातोटी तुमच्याइतकी आम्हा डॉक्टरांकडेही नाही.

‘झोपला’ हा शब्द मात्र कृपा करून वापरू नका. जे जनावर वाचण्यासारखं नसतं आणि फार यातना भोगत असतं, त्याला आम्ही शेवटचं इंजेक्शन देतो. आधी गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाची खूप मोठी मात्रा. काही मिनिटांत हृदय थांबतं, जनावराला ते कळत नाही. यालाच घरोघरी ‘झोपेचं इंजेक्शन’ म्हणतात. हे ऐकलेल्या मुलाला पुढे कधी टॉन्सिलचं ऑपरेशन करायची वेळ आली आणि डॉक्टर म्हणाले, ‘तुला आता झोपेचं इंजेक्शन देतो,’ तर त्या मुलाचं काय होत असेल, विचार करा. रात्री झोपायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत. मी आता मुलांना साध्या भाषेत सांगते, की हे औषध फक्त मरायला टेकलेल्या जनावराला देतात, आजारी माणसाला देतात ते वेगळं, त्यातून माणूस जागा होतो. ज्या मुलाला शेवटच्या वेळी जवळ थांबायचं असतं त्याला मी थांबू देते, पण आधी कल्पना देते : डोळे उघडेच राहतील, एखादा स्नायू नंतरही हलेल, त्याचा अर्थ तो जिवंत आहे असा नाही. आधी सांगितलं की मुलं घाबरत नाहीत. न सांगता ते दिसलं तर मात्र घाबरतात.

वयाप्रमाणे समज वेगळी असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बालवाडीतल्या, पहिलीतल्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे एका सांगण्यात पटत नाही. ते आज रडेल आणि उद्या विचारेल, मग दिवाळीत येईल का? बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला होता, या विषयावरच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी तो एक. त्यात अगदी लहानांना मरण म्हणजे झोप किंवा कुठेतरी जाणं वाटत होतं. मधल्या वयातल्या मुलांना ते येऊन घेऊन जाणाऱ्या कुणा व्यक्तीसारखं वाटत होतं. नऊ-दहाच्या सुमाराला मुलं म्हणू लागली, की हे सगळ्यांनाच आहे आणि टळणारं नाही. नंतरच्या अभ्यासांत ही समज त्याहून आधी, बहुतेक मुलांत पाच ते सात वर्षांच्या दरम्यान आलेली दिसली. म्हणजे नेमकी तुमच्या पहिली-दुसरीच्या वर्गात. एकच प्रश्न मूल दहा वेळा विचारत असेल तर ते त्रास देत नसतं, ते पडताळून पाहत असतं. दहाही वेळा उत्तर तेच आणि त्याच शब्दांत द्या. बाई बदलल्या तरी उत्तर बदलत नाही, हे कळलं की ते विचारणं थांबवतं.

आणि मुलं सलग रडत नाहीत. पाच मिनिटं हुंदके देतील आणि मधल्या सुट्टीत लंगडी खेळायला पळतील. ‘बघा, विसरला की!’ असं म्हणू नका. त्याचं दुःख खोटं नसतं, ते थोडं थोडं करून येतं. काही मुलं चार दिवसांनी बाहुलीला पुरण्याचा खेळ खेळतात, खडूनं समाधी काढतात. त्यावर मोठी माणसं ‘अभद्र खेळू नये’ म्हणून ओरडतात. खेळू द्या. जे बोलता येत नाही ते मूल असंच मांडतं.

आता अपराधीपणाबद्दल. या पत्रात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

यात्रेत, आठवडे बाजारात आणि पुष्कळ ठिकाणी शाळेच्या फाटकाबाहेरच टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकायला येतात. गुलाबी, हिरवी, जांभळी. खाऊच्या पैशांत येतात. मूल एक घेऊन घरी जातं, बुटाच्या खोक्यात चिंधी टाकून ठेवतं, कण्या घालतं, वाटीत पाणी ठेवतं. दोन दिवस पिल्लू चिवचिवतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आडवं पडलेलं असतं. असं का होतं ते सांगते. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी देणार नाहीत, मांसासाठी वेगळी जात असते, म्हणून त्यांना कुणी पोसत नाही. तीच रंगवून बाजारात येतात. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते काही न खाता दोन-तीन दिवस काढतं. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश उष्णता लागते. पोल्ट्रीत त्यासाठी दिवे लावतात, खेड्यात ते आईच्या पंखाखाली बसतं. बुटाच्या खोक्यात यातलं काहीच नसतं. साठा संपतो, पिल्लू गारठतं, मरतं.

हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं मी पाणी जास्त घातलं, मी हातात फार वेळ धरलं, मी रात्री खोक्याचं झाकण लावलं. आणि घरचेही बोलून जातात, ‘तरी म्हटलं होतं हाताळू नको!’ सात वर्षांच्या जिवावर एका मरणाचं ओझं टाकून आपण मोकळे होतो. तुम्ही वर्गात फक्त वरची माहिती सांगितलीत तरी त्या वर्गातल्या किती मुलांचे चेहरे सैल पडतात ते पाहा. मी एका शाळेत हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “म्हणजे मी नाही ना मारलं?” तिचं पिल्लू मरून दोन वर्षं झाली होती.

पण याहून अवघड वेळ वेगळी असते. ज्यात मुलाच्या हातून खरंच काही राहून गेलेलं असतं. फाटकाची कडी लावायची राहिली आणि कुत्रा पळत रस्त्यावर गेला, समोरून ट्रक आला. अशा वेळी दयाळू माणूस म्हणतो, “तुझा काही संबंध नाही रे बाळा.” मुलाला ते पटत नाही, कारण कडी आपण लावली नव्हती हे त्याला पक्कं ठाऊक असतं. उलट मोठी माणसं माझं मन राखायला खोटं बोलताहेत, म्हणजे गोष्ट बोलता येणार नाही इतकी वाईट असणार, असं त्याच्या मनात बसतं. त्याला जे घडलं ते क्रमानं सांगा. कडी राहिली होती. कुत्रा बाहेर पडला. ट्रकवाल्याला ब्रेक लावायला वेळ मिळाला नाही. तू विसरलास, तुला तो मरावा असं वाटत नव्हतं. विसरणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि रस्त्यालगतच्या घराच्या फाटकाची राखण आठ वर्षांच्या मुलावर सोडायची नसते, ते मोठ्यांचं काम होतं. हे शेवटचं वाक्य पालकांच्या तोंडून आलं तर फारच चांगलं. त्यासाठी पालकांना शाळेत बोलवायची वेळ आली तर बोलवा.

काही मुलं मनातल्या रागाचाही दोष स्वतःवर घेतात. ‘मी त्याला मर म्हणालो होतो’ असं सांगणारी मुलं असतात. मनात आलेल्या किंवा तोंडातून गेलेल्या शब्दानं कुणी मरत नाही, हे त्यांना मोठ्या माणसाकडून स्पष्ट ऐकायला हवं असतं.

‘खेड्यातल्या मुलांना कसलं आलंय दुःख, ती रोज कोंबडं कापलेलं बघतात,’ असं मला एका शिक्षकांनी सांगितलं होतं. मी ते मानत नाही. खेड्यातल्या मुलाला मरण लवकर कळतं, हे खरं. म्हणून त्याला कमी लागतं, हे खरं नाही.

२०२२ चा लम्पीचा, गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या त्या रोगाचा, पावसाळा आठवा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरुवात झाली आणि बघता बघता रोग राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, त्या वर्षीचा पोळा कितीतरी गावांत मिरवणुकीशिवाय, ज्याच्या त्याच्या गोठ्यात झाला. अंगभर गाठी, पायाला सूज, तोंडातून लाळ, अशा अवस्थेत जनावर आठ-आठ दिवस बसून असायचं आणि शाळकरी मुलं त्याच्या अंगावरच्या माशा वारत बसायची. जनावर दगावलं की शासनाची मदत होती. दुधाळ जनावराला ३० हजार, ओढकाम करणाऱ्याला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. त्यासाठी पंचनामा लागायचा. आम्ही जायचो, फोटो काढायचो, कानातला पिवळा बिल्ला तपासायचो, जेसीबीनं खोल खड्डा घेतला जायचा, चुना पडायचा. मोठी माणसं कागदपत्रांत गुंतलेली. पोरं बांधावर उभी.

एका वस्तीवर चौथीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वाचत होते. शेवटचे चार आकडे पुसट झाले होते, मला दिसेनात. ते तिनं तोंडपाठ सांगितले. गाय घरी आली तेव्हा तिनं तो नंबर गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. मग तिनं विचारलं, “गाठी आमच्या अंगावर पण येतील का? मी तिच्या जवळ झोपले होते.” तीन आठवडे ही भीती पोटात घेऊन ती शाळेत जात होती आणि घरात कुणाला विचारायची तिची हिंमत झाली नव्हती. लम्पी माणसाला होत नाही. हे एक वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पुन्हा कधी अशी साथ आली तर आम्हा डॉक्टरांना शाळेत बोलवा. आम्ही तसेही गावात आलेलोच असतो.

विकलेल्या आणि कापलेल्या जनावराचं दुःख तर कुणी दुःख म्हणून मोजतच नाही. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं करडू एक दिवस बाजारात जातं. जत्रेला सोडलेला बोकड असतो, बकरी ईदसाठी घरात लाडानं वाढवलेला बकरा असतो. मूल त्याला चारतं, त्याचं नाव ठेवतं. घराचं पोट त्यावर आहे, घराची श्रद्धा त्यात आहे, त्यावर शाळेनं टीका करण्याचं काहीच कारण नाही. पण मूल शाळेत असताना गुपचूप जनावर हलवायचं आणि संध्याकाळी रिकामं दावं त्याला दाखवायचं, हे टाळता येतं. आधी सांगावं, निरोप घेऊ द्यावा, त्या वेळी तिथं थांबायचं नसेल तर थांबवू नये, आणि चार दिवस त्यानं ताटातलं मटण बाजूला सारलं तर टोमणे मारू नयेत. पालकसभेत तुम्ही हे एकदा बोललात तर लोक ऐकतात. मास्तरांच्या शब्दाला खेड्यात अजून वजन आहे.

शहरातल्या मुलांची अडचण निराळी. फ्लॅटमध्ये वाढलेलं कुत्रं गेलं की पुरायला जागा नसते, सोसायटीच्या बागेत परवानगी नसते. मग गोणी, आणि पालिकेची गाडी. मुलानं खिडकीतून तेवढंच पाहिलेलं असतं. मालाडला मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये लहान प्राण्यांच्या दहनाची सोय सुरू केली, इतर मोठ्या शहरांतही चौकशी केली तर काही ना काही सोय सापडते. मुलाला तिथं यायचं असेल तर नेलेलं चांगलं. जिथं पुरायला जागा आहे तिथं खड्डा चांगला कमरेइतका खोल हवा, नाहीतर रात्री भटकी कुत्री उकरतात आणि सकाळी ते मुलाच्याच नजरेला पडतं. हे पालकांना आठवणीनं सांगा.

वर्गात तुम्हाला काय करता येईल, ते बोलते. गैरहजेरीचं कारण ‘मांजर मेलं’ असं आलं तर ते कारण म्हणून मान्य करा. चिठ्ठी वाचून हसू नका, आणि वर्गाला हसू देऊ नका. पहिल्या तासाला त्याला उभं करून सगळ्यांसमोर विचारपूसही नको, मुलांना ते नको असतं. मधल्या सुट्टीत जवळ बोलवून एवढं म्हणा, “तुझ्या मनीचं मला कळलं. तुला सांगावंसं वाटलं तर मी आहे.” पुष्कळ मुलं काही बोलत नाहीत, पण त्यांना ते ऐकलेलं हवं असतं.

‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपल्याकडे दरवर्षी असतोच. त्याचा साचा ठरलेला : त्याला चार पाय आहेत, त्याचा रंग पांढरा आहे, तो घराची राखण करतो. ज्याचा प्राणी गेला आहे त्याला तो भूतकाळात लिहू द्या. तो काय खायचा, कशाला घाबरायचा, कुठे बसायचा, शेवटी काय झालं. लाल पेनानं त्यातला ‘होता’ खोडून ‘आहे’ करू नका. त्या वहीतलं शुद्धलेखन एक दिवस तसंच राहिलं तर बिघडत नाही. ज्यांना लिहिता येत नाही ती मुलं चित्र काढतील, मातीचं जनावर करतील.

एखादं मूल कोंबडीसाठी फारच रडतंय असं वाटलं तर जरा थांबून पाहा. मागच्या वर्षी त्याची आजी गेलेली असते आणि तेव्हा त्याला शेजाऱ्यांकडे पाठवून दिलेलं असतं. कोविडात कितीतरी मुलांनी घरातलं माणूस गमावलं आणि त्यांना शेवटचं पाहताही आलं नाही. ते राहिलेलं रडणं जनावराच्या निमित्तानं बाहेर येतं. त्याला अडवू नका.

‘रडू नको, नवीन आणू’ हे वाक्यही थोडे दिवस बाजूला ठेवायला पालकांना सांगा. त्याला एक डॉक्टरी कारणही आहे. कुत्र्याची पिल्लं पुष्कळदा पार्व्होनं जातात. रक्ताचे जुलाब, उलट्या, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. तो विषाणू घरात, अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. लगेच दुसरं, लस न झालेलं पिल्लू आणलं तर तेही त्याच वाटेनं जातं आणि मुलाला महिन्याभरात दुसरं मरण पाहावं लागतं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत त्या पूर्ण कराव्या लागतात. घर ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन, लस झालेलं पिल्लू, मुलाला हवं असेल तेव्हा. आणि नव्या पिल्लाला जुन्याचं नाव देऊ नये, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. कुत्रं किंवा मांजर अचानक चिडकं होऊन, लाळ गाळत, विचित्र वागून मेलं असेल, तर त्या घरातल्या मुलाला शांतपणे आणि एकांतात विचारा : चावलं होतं का, ओरखडलं होतं का, जखमेवर चाटलं होतं का? मुलं हे लपवतात. इंजेक्शनच्या भीतीनं लपवतात आणि आपल्या कुत्र्याला लोक मारतील म्हणूनही लपवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे रेबीजनं मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. एकदा लक्षणं दिसू लागली की वाचण्याची आशा जवळजवळ नसते, त्याआधी लस मिळाली तर मूल वाचतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथं मोफत असते. चावून बरेच दिवस उलटले असले तरी जायचं. हळद, चुना, मिरची, काही लावायचं नाही. घरी न सांगितलेली गोष्ट मूल आवडत्या बाईंना सांगतं, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलंय.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. पण एखादं मूल जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेला येईनासं झालं असेल, दुसऱ्या जनावरांना मारू लागलं असेल किंवा ‘मला पण त्याच्याकडे जायचंय’ असं म्हणत असेल, तर दटावू नका आणि दुर्लक्षही करू नका. म्हणजे काय करावंसं वाटतं, हे त्याला शांतपणे विचारा. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, शिक्षकांनाही सल्ला मिळतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

शेवटी दोन गोष्टी मागते. पहिली शाळा व्यवस्थापन समितीकडे. फाटकाबाहेर आणि गावच्या यात्रेत रंगीत पिल्लं विकायला बसू द्यायची नाहीत, असा ठराव करा. ग्रामपंचायतीला त्याची प्रत द्या. विकणाराही गरीबच असतो, त्याच्याशी भांडू नका, त्याला खेळणी, फुगे विकायला सांगा. दुसरी गोष्ट तुमच्याकडे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना एक तास वर्गावर बोलवा. जनावर किती वर्षं जगतं, आजारी कसं ओळखायचं, मेल्यावर काय होतं, हे मुलांना विचारू द्या. कुत्रं दहा-तेरा वर्षं जगतं, ससा आठ-दहा, हॅम्स्टर तर दोन-तीनच. हे आधी माहीत असलेलं मूल जनावरावर जीव कमी लावत नाही.

माझ्या तालुक्यातल्या शाळांत मी येईन. सकाळच्या गोठ्यांच्या फेऱ्या दहापर्यंत आटपतात, त्यानंतर कुठल्याही वाराला चालेल. दवाखान्यात निरोप ठेवा.

आपली,
एक पशुवैद्यक